निरोप आला, पण वाचणार कोण?

मंडळी, आधी एक जुनी आठवण काढू.

आपल्या आजा-पणज्याच्या काळची गोष्ट. पोस्टाचा माणूस सायकलवरून गावात यायचा. त्याच्या हातात तारेचा कागद असायचा. "अमक्याच्या घरी तार आलीय," एवढं कानावर पडलं, की त्या घरात रडारड सुरू व्हायची. कागद अजून कुणी उघडलेला नसायचा. आत काय आहे, कुणालाच ठाऊक नसायचं. तरी बायका रडायला लागायच्या. कारण खेड्यात तार यायची ती बहुधा मरणाचीच.

मग कुणीतरी तो कागद घेऊन शाळेकडे पळायचं. तार पुष्कळदा इंग्रजीत असायची. मास्तर चष्मा लावून वाचायचे. कधी बातमी खरंच वाईट निघायची. कधी मात्र निघायचं, "मुलगा झाला, दोघं सुखरूप." मग रडणारी माणसं हसायची. मास्तरांच्या हातावर साखर ठेवायची.

आता यात एक गंमत बघा. तो निरोप मुंबईहून निघाला होता. डोंगर, नद्या ओलांडून तो दारापर्यंत आला होता. एवढी मोठी वाट त्यानं घटकाभरात तोडली. पण शेवटचं हातभर अंतर त्याला तोडता आलं नाही. कुठलं अंतर? कागद आणि डोळा यांच्यामधलं!

ती तार आता राहिली नाही. जुलै २०१३ मध्ये सरकारनं तारेची सोय बंद केली. आता घराघरांत मोबाइल आहे. निरोप दारात येत नाही, सरळ खिशात येतो. पण ते हातभर अंतर अजून आहेच. ते कसं तोडायचं, हेच आज आपण बघणार आहोत.

आपल्याच भागातून सुरुवात

वालचंदनगर तुम्हाला ठाऊक आहे. इंदापूर तालुक्यातलं, बारामतीपासून जवळ. पूर्वी तिथं कळंबचं माळरान होतं. १९३० नंतरच्या काही वर्षांत शेठ वालचंद हिराचंद यांनी तिथं उसाची मोठी शेती केली आणि साखर कारखाना उभा केला. त्यांच्याच नावानं हे गाव ओळखलं जाऊ लागलं. पुढं तिथं साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं बनू लागली.

शेठ वालचंद सोलापूरचे. त्यांचा जन्म १८८२ सालचा. आणि योगायोग असा, की त्याच साली मुंबईत टेलिफोन सुरू झाला. त्या वेळी फोन होता मोठ्या पेढ्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत. गरिबाचा आणि फोनचा काही संबंध नव्हता. तो संबंध जुळायला पुढं शंभर वर्षं लागली.

१९८४ साली सरकारनं सी-डॉट नावाची संस्था काढली. आपल्या देशाची धूळ, ऊन, वीज जाणं हे सगळं सोसतील अशी टेलिफोनची यंत्रं या संस्थेनं बनवली. मग गावोगाव पिवळी पाटी दिसू लागली. त्यावर लिहिलेलं असे, "एसटीडी, पीसीओ". रात्री दर कमी व्हायचा. म्हणून माणसं रात्री बूथपाशी रांग लावायची. लेकीशी, भावाशी दोन शब्द बोलायची. डोळा मात्र घड्याळावर आणि वाढत्या पैशांवर असायचा.

१९९५ साली मोबाइल आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लोकांसाठी इंटरनेटही सुरू झालं. पण तेव्हा मोबाइलवर बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत लागायचे. आलेला फोन घेतला, तरी पैसे पडायचे! हळूहळू दर उतरले. २०१६ नंतर इंटरनेटही खूप स्वस्त झालं. मग शेताच्या बांधावर बसलेल्या माणसाच्या हातातही ते आलं.

निरोप जातो तरी कसा?

पुष्कळांना वाटतं, मोबाइलला तार नाही, म्हणजे निरोप सगळा वाट हवेतूनच जातो. तसं नाही.

समजा, वालचंदनगरच्या एका आबांचा मुलगा दुबईला नोकरीला आहे. आबा फोनवर म्हणाले, "पोरा, पाऊस पडला बरं का!" आता हे शब्द कसे गेले, ते बघू.

आबांच्या फोननं त्यांच्या आवाजाचे आकडे केले. ते आकडे लहरींवर बसून जवळच्या टॉवरपर्यंत गेले. लहरी म्हणजे रेडिओला असतात तशाच. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. हवेतली वाट एवढीच, कोस-दोन कोसांची.

टॉवरपासून पुढची वाट बहुतेक जमिनीखालून जाते. तिथं काचेचा धागा पुरलेला असतो. तो केसाएवढा बारीक असतो. त्या धाग्यातून उजेड पळतो. अंधारात बॅटरी चालू-बंद करून आपण खूण करतो ना? तसाच हा उजेड चालू-बंद होतो. पण एका सेकंदात कोट्यवधी वेळा. काचेतून हा उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो.

असा तो निरोप मुंबईला पोचतो. तिथून पुढं समुद्र लागतो. समुद्राच्या तळाशी मोठमोठ्या केबली टाकलेल्या आहेत. खोल पाण्यात ही केबल किती जाड असते म्हणता? आपल्या उसाच्या कांड्यापेक्षाही बारीक! आत तेच काचेचे धागे असतात. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारे बहुतेक निरोप याच वाटेनं जातात. मुंबईला हे काम नवीन नाही. १८७० सालीच तारेची केबल समुद्रातून मुंबईहून एडनला आणि तिथून पुढं विलायतेकडं जोडली गेली होती.

आता इंटरनेट म्हणजे काय? हे समजायला उसाचंच उदाहरण घेऊ.

एका शेतातला ऊस तोडला. तो एका गाडीत मावला नाही. दहा गाड्या भरल्या. प्रत्येक गाडीवाल्याजवळ चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, कारखान्याचं नाव, गाडीचा नंबर. एक गाडी सडकेनं गेली. दुसरी कॅनॉलच्या कडेनं गेली. एक वाट बंद होती, म्हणून तिसरी वळसा घालून गेली. पण कारखान्याच्या काट्यावर सगळ्या पोचल्या. तिथं चिठ्ठ्या बघून हिशेब लागला, की हा सगळा ऊस एकाच शेतकऱ्याचा.

इंटरनेट असंच चालतं. तुम्ही फोटो पाठवला, की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि नंबर लागतो. तुकडे मिळेल त्या वाटेनं जातात. तिकडं पोचले, की नंबराप्रमाणे जुळतात. पुन्हा अख्खा फोटो तयार! जगातले सगळे संगणक आणि फोन अशा वाटांनी एकमेकांना जोडले आहेत. या जोडणीलाच इंटरनेट म्हणतात.

आभाळातली वाट

पण जिथं केबल नाही तिथं काय? डोंगरात, बेटावर, भर समुद्रातल्या जहाजावर? तिथं उपग्रह उपयोगी पडतो. जमिनीवरून निरोप वर जातो. उपग्रह तो घेतो आणि दुसऱ्या ठिकाणी खाली पाठवतो. यातले पुष्कळसे उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला, उपग्रहाशी बोलणारं भलंमोठं केंद्र १९७१ साली उभं राहिलं. परदेशाशी बोलायला देशात असं पहिलंच केंद्र ते.

आणि उपग्रह वर न्यायचा कसा? रॉकेटनं. इथं पुन्हा वालचंदनगर येतं!

आपल्या देशाचं सर्वांत ताकदवान रॉकेट आहे त्याचं नाव एलव्हीएम-३. त्याच्या दोन बाजूंना दोन मोठी नळकांडी असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे २५ मीटर. प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन ठासलेलं असतं. या खास पोलादाच्या नळकांड्यांचे भाग वालचंदनगरच्या कारखान्यात बनत आले आहेत. याच जातीच्या रॉकेटनं २०१७ साली जीसॅट-१९ हा दळणवळणाचा उपग्रह वर नेला. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इंटरनेटसाठीचे ३६-३६ उपग्रह नेले. जुलै २०२३ मध्ये चंद्रयान-३ नेलं.

म्हणजे बघा. जिथं उसाचं गुऱ्हाळ आणि साखरेचा चरक, तिथल्याच हातांनी आभाळात जाणाऱ्या रॉकेटचं पोलाद घडवलं. ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण मंडळी, एक सवाल मनाला विचारा. गावात रॉकेटचं पोलाद घडलं. गावात टॉवर आला. घरात चार फोन आले. एवढ्यानं आपला समाज पुढारलेला झाला का?

याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडतं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट: रेडिओची

साल १९५६. पुण्याचं आकाशवाणी केंद्र नुकतंच, १९५३ साली, सुरू झालेलं. त्या केंद्रानं युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस माणसांचं मंडळ केलं. त्यात काही लिहिता-वाचता येणारे होते, काही नव्हते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सगळे रेडिओभोवती बसायचे. शेती, आरोग्य, गावचा कारभार यांवर कार्यक्रम ऐकायचे. असे वीस कार्यक्रम झाले.

पण खरी गंमत पुढंच. कार्यक्रम संपला, की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला लागायचं. "हे बियाणं आपल्या रानात येईल का?" "एवढा खर्च कुणाला झेपेल?" शंका उरली, तर ती लिहून पुण्याला पाठवायची. पुढच्या कार्यक्रमात तिचं उत्तर मिळायचं.

मग तपासणी झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं ती केली. ज्या गावांत मंडळ होतं, तिथल्या माणसांचं ज्ञान पुष्कळ वाढलं होतं. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं, तिथं फारसा फरक दिसला नाही.

रेडिओ तोच. कार्यक्रम तोच. फरक कशानं पडला? बोलण्यानं. उलट विचारण्यानं. ही गोष्ट मनात पक्की धरा.

दुसरी गोष्ट: वारणेची

साल १९९८. कोल्हापूर जिल्ह्यातलं वारणानगर. तिथंही ऊस, तिथंही सहकारी साखर कारखाना. आपल्यासारखाच मुलूख. सरकारनं आणि वारणेच्या संस्थांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकानं जोडायचं ठरवलं. गावोगाव संगणकाच्या खोल्या झाल्या. देशभर नाव झालं. लोक लांबून बघायला आले.

आता ऊस लावणाऱ्याला काय हवं असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझी नोंद कितव्या तारखेची? तोड कधी येणार? काट्यावर वजन किती भरलं? बिल कधी निघणार? एवढ्यासाठी पूर्वी कारखान्यावर हेलपाटा पडायचा. अख्खा दिवस मोडायचा. आता ती माहिती गावातच मिळू लागली. हा मोठा फायदा झाला.

पण काही वर्षांनी अभ्यासकांनी नीट पाहिलं. लोक त्या संगणकाकडं मुख्यत्वे ऊस आणि कारखान्याच्या व्यवहाराच्या चौकशीसाठीच येत होते. संगणकाला वीज लागते. वीज जायची. बिघडला, की दुरुस्तीला माणूस बोलवावा लागायचा. मग सात गावांत दुसरा प्रयोग केला. शेतकऱ्यानं मोबाइलवरून लहानसा मेसेज पाठवायचा. उत्तरात वजनाची वगैरे माहिती मेसेजनं यायची. साधा फोन, कमी खर्च. काम तेच. शिवाय खोली उघडायची वाट बघायला नको.

यातून काय कळलं? यंत्र मोठं की लहान, याला महत्त्व नाही. आपला प्रश्न आधी, यंत्र मागून. आपल्या प्रश्नाचं उत्तर देतं, ते यंत्र आपलं. नाहीतर ती नुसती शोभा.

तिसरी गोष्ट: बारामतीची

ही तर अगदी शेजारची. बारामतीजवळ अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आहे. त्यांचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. २०२४ साली या ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि विलायतेतलं ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्याबरोबर उसाचा नवा प्रयोग केला. त्यात सुमारे हजार शेतकरी घेतले.

या प्रयोगात रानात एक यंत्र बसवतात. ते मातीतली ओल मोजतं. हवामान टिपतं. वरून उपग्रह शेताचं चित्र घेतो. ही सगळी माहिती इंटरनेटवरून संगणकाकडं जाते. संगणक ती ताडून बघतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप येतो. आज पाणी द्या. आज देऊ नका. अमुक भागात पीक पिवळं दिसतंय, जाऊन बघा. संगणकाच्या या ताडून बघण्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

आपल्याकडं पाट आला, की दांड भरून पाणी सोडायची सवय. जादा पाण्यानं जमीन खारवते, चोपण होते. हे नीरा कॅनॉलच्या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा बघितलं आहे. म्हणून "आज पाणी नको" हा एका ओळीचा निरोप लाखमोलाचा ठरू शकतो.

पण पुन्हा तोच प्रश्न. निरोप मराठीत आला. तो वाचणार कोण?

समजा, शेतात मावशी राबते. फोन मुलाच्या खिशात. मुलगा तालुक्याला गेलेला. निरोप सकाळीच आला. मावशीला कळला संध्याकाळी. तोवर पाणी देऊन झालं! उपग्रह शेकडो मैलांवरून रान बघतो. पण रानात उभी असलेली बाई तो निरोप वाचू शकली नाही, तर सगळं फुकट. तारेच्या कागदाचं जे झालं तेच.

मात्र यंत्र सांगतं तो सल्ला असतो, हुकूम नसतो. आपली माती आपल्याला ठाऊक असते. सल्ला वाचावा, रानात जाऊन बघावं, मग ठरवावं.

पुढारलेले लोक काय करतात?

युरोपात एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. लोकवस्ती तेरा-चौदा लाख. म्हणजे आपल्या पुणे शहराहूनही पुष्कळ कमी. १९९१ साली तो पुन्हा स्वतंत्र झाला. तेव्हा हातात पैसा थोडा होता. आज तिथं सरकारदरबारची जवळजवळ सगळी कामं घरबसल्या इंटरनेटवर होतात. २००५ पासून तिथं इंटरनेटवरून मतसुद्धा देता येतं.

हे कशानं झालं? नुसत्या यंत्रांनी नाही. त्यांनी आधी शाळाशाळांत संगणक दिले. मग मोठ्या माणसांकडं वळले. २००२ पासून दोन-अडीच वर्षांत सुमारे एक लाख प्रौढांना त्यांनी फुकट शिकवलं. बटण कुठलं दाबायचं, पत्र कसं पाठवायचं, बँकेचं काम कसं करायचं, हे सगळं. त्यात कष्टकरी होते, म्हातारी माणसं होती. ज्या वाचनालयात पुस्तकं मिळत, तिथंच इंटरनेटही फुकट मिळू लागलं. आणि ज्याला इंटरनेटवर मत द्यायचं नाही, त्याच्यासाठी कागदाची मतपत्रिका आजही ठेवली आहे. कुणावर सक्ती नाही.

पुढारलेला समाज असा ओळखावा. जिथं सर्वांत उंच टॉवर, तो पुढारलेला नव्हे. जिथं सर्वांत मागं राहिलेल्या माणसाला हात धरून पुढं घेतलं, तो पुढारलेला.

आपल्याकडंही वाटा उघडल्या आहेत. सात-बाराचा उतारा आता इंटरनेटवर मिळतो. २०१८ पासून संगणकीय सही असलेला उतारा मिळतो. तो कामाला चालतो. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या रानात कुठलं पीक आहे, ते शेतकरी स्वतः फोटो काढून नोंदवू शकतो. ही नोंद नुकसानभरपाईला आणि पीकविम्याला उपयोगी पडते. नोंद चुकली, तर पुढं ऑफिसचे उंबरे झिजवावे लागतात. म्हणून दुसऱ्याकडून नोंद करून घेतली, तरी शेवटी स्वतः वाचा. गट नंबर बरोबर आहे का? पीक बरोबर आहे का? क्षेत्र बरोबर आहे का? मगच "झालं" म्हणा.

निरोप काट्यावर घाला

आता एक कडू गोष्ट. ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. त्या दिवसांत मोबाइलवर निरोप फिरत होते, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. निरोप खोटे होते. पण एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ते पळत राहिले. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं आली होती. भिक्षा मागून पोट भरणारी. बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. जमावाला संशय आला. कुणी विचारलं नाही, कुणी थांबलं नाही. त्या पाचही जणांना मारून टाकलं.

पाच घरं उजाडली. कशानं? एका खोट्या निरोपानं.

मंडळी, पूर्वी निरोप वाचता येत नव्हता, म्हणून माणसं उगाच रडली. इथं निरोप पोचला, पण तो कुणी पारखला नाही, म्हणून माणसं मेली. म्हणून सांगतो, नुसती अक्षरं लावणं म्हणजे वाचणं नव्हे. वाचणं म्हणजे पारखणं.

कारखाना काय करतो? ऊस आला, की लगेच चरकात घालत नाही. आधी काट्यावर घालतो. तसा प्रत्येक निरोप मनाच्या काट्यावर घाला. तीन प्रश्न विचारा.

हा निरोप कुणी पाठवला? त्या माणसाला मी ओळखतो का?

त्याला हे कसं कळलं? त्यानं डोळ्यांनी पाहिलं, की नुसतं पुढं ढकललं?

हा निरोप मला घाई करायला का सांगतोय?

या तिसऱ्या प्रश्नाकडं फार लक्ष द्या. फसवणारा माणूस नेहमी घाई करतो. "खातं आज बंद होणार." "वीज रात्री तोडणार." "तुम्हाला लॉटरी लागली." "मी पोलिस बोलतोय, फोन ठेवू नका." आपण घाबरलो, की त्याचं काम झालं.

म्हणून या गोष्टी पाठच करून ठेवा.

फोनवर आलेला ओटीपीचा आकडा कुणालाही सांगू नये. बँक तो कधीच विचारत नाही.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. "पैसे पाठवतो, पिन दाबा," असं कुणी म्हटलं, की तो चोर समजावा.

फोनवरून अटक होत नाही. "डिजिटल अरेस्ट" असं कायद्यात काहीच नाही.

फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आता आपण काय करू?

१९५६ साली त्या गावांनी जे केलं, ते आपणही करू शकतो. रेडिओऐवजी फोन घ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ पारावर किंवा देवळात जमा. आलेले निरोप एकानं मोठ्यानं वाचावेत. बाकीच्यांनी विचारावं. हवामानाचा निरोप कुठला? ग्रामपंचायतीचा कुठला? खोटा कुठला? ज्याला येतं त्यानं नाही येत त्याला शिकवावं. नातवानं आजीला शिकवावं, आणि आजीनं शिकायला लाजू नये.

घरात एक नियम करा. फोन एकट्या मुलाच्या खिशात राहू नये. घरच्या कर्त्या बाईला तो उघडता यावा. आपल्या नावाचा निरोप आपल्याला वाचता यावा.

सुरुवात लहान करा. आज फक्त फोनमधली नावं वाचा. उद्या एक मेसेज वाचा. परवा एका ओळीचं उत्तर लिहा. लेकीला लिहा, "मी बरी आहे. तू कशी आहेस?" चुकलं तर चुकू द्या. लेक हसेल, पण तिच्या डोळ्यांत पाणीही येईल. कारण ते तिच्या आईनं स्वतः लिहिलेलं असेल.

पूर्वी तार आली, की आपण मास्तरांकडे पळायचो. आता पळायला नको. काचेचा धागा समुद्राखालून आला. उपग्रह आभाळात फिरतो आहे. त्यानं हजारो कोसांचं अंतर तोडलं. उरलेलं हातभर अंतर तेवढं आपलं आहे. ते दुसरं कुणी तोडून देणार नाही. तुम्ही हे पान इथवर वाचलंत, म्हणजे ते अंतर तुम्ही तोडायला लागलाच आहात.

विचार करा आणि सांगा

१. पूर्वी तार आली, की माणसं का रडायची?

२. इंटरनेटची आणि उसाच्या गाड्यांची तुलना कशी केली आहे?

३. नुसता रेडिओ असलेलं गाव आणि मंडळ असलेलं गाव, यांत काय फरक पडला?

४. तुमच्या फोनवर आलेला एक निरोप वर्गात वाचून दाखवा. तो खरा की खोटा, हे सगळ्यांनी मिळून ठरवा.

५. तुमच्या घरात फोन कुणाच्या हातात असतो? तो सगळ्यांना वापरता यावा, म्हणून तुम्ही काय कराल?